शेवट खराब निघालेली कादंबरी

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटवर कॅमेरे बसले आणि वॉचमनची केबिन रिकामी झाली. वॉचमन लॉबीत पंख्याखाली बसायला लागला. त्या केबिनचं काय करायचं यावर कमिटीच्या बैठकांवर बैठका झाल्या. कोणी म्हणालं, सायकली ठेवा. कोणी म्हणालं, गणपतीचं सामान ठेवा. शेवटी वाचनालय ठरलं. कारण एवढंच, की वाचनालयाला उघड विरोध करता येत नाही. सायकलींना करता येतो.

मी घरी बसून भाषांतरं करतो. मिक्सर, गीझर, रक्तदाब मोजायचं यंत्र, यांच्या खोक्यात घडी घालून जी माहितीपत्रकं ठेवलेली असतात, त्यांतला मराठी भाग माझा असतो. तो कोणी वाचत नाही. आमचा गीझर बसवला तेव्हा मीसुद्धा वाचला नव्हता. पण संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेऱ्या मारताना माझ्या हातात पुस्तक असतं, म्हणून सोसायटीत मला पुस्तकवाले म्हणतात. तर एका रविवारी सेक्रेटरी आमच्याकडे आले. गृहस्थ कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः बसडेपोत टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या आयुष्यात जे काही असतं ते वेळेवर असतं किंवा उशिरा असतं, तिसरं काही नसतं.

"पुस्तकवाले, दोन पुस्तकं सांगा," ते चप्पल न काढता दारातूनच म्हणाले. "नवीन पाहिजेत. लोकांनी दान केलेली पोतंभर पडलीत, सगळी अकाउंटन्सीची. माणसाला वाचावंसं वाटेल असं सांगा. एक खोटं, एक खरं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक गोष्टीचं आणि एक माहितीचं हो."

कोणी पुस्तक सुचवायला सांगितलं की माझ्या डोक्यातली सगळी पुस्तकं जिन्यावरून खाली पळून जातात. उरतात ती नको ती. मी जरा आठवून अलीकडेच वाचलेली दोन सांगितली. एक झोपेवरचं होतं. माणूस का झोपतो, न झोपल्यास काय होतं, घोरणं म्हणजे काय, असं सोप्या भाषेत समजावणारं. दुसरी एका नव्या लेखिकेची कादंबरी. जोगेश्वरीच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये दोन सख्ख्या जावा शेजारशेजारच्या खोल्यांत राहतात, मध्ये एक भिंत, आणि वर्षानुवर्षं अबोला. अख्खं पुस्तक त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना घडतं. मला फार आवडलं होतं.

सेक्रेटरी गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि गोष्टीचं पुस्तक तिने शाळेनंतर उघडलेलं नाही.

"अरे, तुला काही कळतं का रे?" ती म्हणाली. "आपल्या तळमजल्यावर कोण राहतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या ए विंगमध्ये तळमजल्याला समोरासमोरच्या दोन फ्लॅटमध्ये दोन सख्ख्या जावा राहतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून बोलत नाहीत. का, ते कोणाला नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं साखरपुड्याच्या साडीवरून, कोणी म्हणतं पाटा-वरवंट्यावरून. त्यांचे नवरे मात्र रोज सकाळी एकत्र फिरायला जातात, येताना एकत्र पाव आणतात आणि आपापल्या दारात निमूट वेगळे होतात. जावांना एकमेकींना काही कळवायचंच झालं तर त्या समोर असेल त्याच्याकरवी कळवतात. कोणी नसलं तर लिफ्टला सांगतात. "पाणी जाणार आहे म्हणावं दुपारी," असं धाकटीने बंद लिफ्टच्या दाराला सांगताना मी स्वतः ऐकलंय, आणि समोरच्या घरात लगेच बादल्या भरल्याचा आवाजही.

"आता सेक्रेटरींना थांबव," बायको म्हणाली.

पण ते कशाला थांबतात! संध्याकाळपर्यंत घाटकोपरच्या दुकानातून दोन्ही पुस्तकं आली होती, त्यांना खाकी कव्हरं चढली होती आणि आत सोसायटीचा शिक्का बसला होता.

वाचनालयाच्या प्रमुख म्हणून सिस्टरना नेमलं. सिस्टर म्हणजे बी विंगमधल्या निवृत्त हेडनर्स. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. पालिकेच्या हॉस्पिटलात आख्खा वॉर्ड सांभाळलेली बाई. त्यांच्या हॉलच्या तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं आहेत आणि टीव्ही आतल्या खोलीत ठेवलाय. खरं तर पुस्तकं त्यांनाच विचारायला हवी होती. पण त्या फेऱ्या मारताना हातात पुस्तक धरत नाहीत, त्यामुळे कोणाला सुचलं नसावं.

झोपेचं पुस्तक आधी सेक्रेटरींनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं.

"हे खरं पुस्तक म्हणता?" त्यांनी मला कंपाउंडमध्ये गाठलं. "सगळ्या थापा आहेत. झोपेत काय होतं ते ह्या लेखकाला कसं कळलं? झोपेत तर माणूस झोपलेला असतो."

मी प्रयोगशाळा, मेंदूच्या लहरी, यंत्रं असं काही सांगायला गेलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. नंतर ते पुस्तक फक्त चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी नेलं. त्यांना रोज दुसऱ्या पानावर झोप लागायची. त्यांनी ते कधीच परत केलं नाही. "काम करतं हो पुस्तक," असं ते भेटेल त्याला सांगत.

कादंबरीचं मात्र भलतंच झालं. एकच प्रत, आणि ती घरोघर फिरायला लागली. पहिल्या आठवड्यातच सोसायटीचं असं मत झालं, की ही तळमजल्याची गोष्ट आहे. जोगेश्वरी नुसतं नाव बदलण्यापुरतं घातलंय. कादंबरीतली थोरली नाकात चमकी घालते, आमच्या थोरल्याही घालतात. कादंबरीतल्या धाकटीला शिवणकाम येतं, आमच्या धाकट्या ब्लाउज शिवतात. मी म्हटलं, अहो, मुंबईत ब्लाउज शिवणाऱ्या बायका किती असतील! त्यावर लोक माझ्याकडे बघून नुसते हसायचे. मग मला कळलं, की लेखिकेला ही माहिती मीच पुरवली असा बी विंगचा समज आहे. सी विंग तर त्याच्याही पुढे गेली होती. त्यांच्या मते बाईच्या नावाने मीच लिहिलं होतं.

"किती मिळाले रे?" बायकोने जेवताना विचारलं.

"तूसुद्धा?"

"लॅबमध्ये आज रक्त द्यायला आलेल्या सोसायटीतल्या दोन बायकांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला एवढं लिहिता येत असतं तर गीझरची पत्रकं कशाला लिहिली असती!"

तोवर लोक शेवटापर्यंत पोचू लागले होते, आणि तिथून खरी वाट लागली. कादंबरीच्या शेवटी धाकटी जाऊ आपली खोली विकून मुलाकडे निघून जाते. थोरली भिंतीला कान लावते. पलीकडे काही ऐकू येत नाही. संपलं. समेट नाही, रडारड नाही, निरोपसुद्धा नाही. सोसायटीला हा शेवट सहन झाला नाही. लोक केबिनपाशी येऊन सिस्टरना पुढची पानं मागायला लागले.

"पुढची पानं नाहीत," सिस्टर सांगायच्या.

"फाडली कोणी?"

"लिहिलीच नाहीत."

"असं कसं? भांडण काढलंय तर मिटवायला नको?"

सेक्रेटरींनी कादंबरी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून वाचून संपवली. ते खाली आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय झालं? टाकीचा क्लोरीन, म्हणाले. मग जरा वेळाने त्यांना रागच आला. "ह्यां काय? असो शेवट असता?" रागावले की ते मालवणीत शिरतात. "चला माझ्याबरोबर घाटकोपरला. तुम्हीच सांगितलंत ना हे पुस्तक?"

दुकान स्टेशनजवळ, अर्धं स्टेशनरीचं आणि अर्धं पुस्तकांचं. मालक चष्मा कपाळावर ठेवून हिशेबाच्या वह्यांवर दोऱ्या बांधत होता. सेक्रेटरींनी पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं.

"बदलून द्या. खराब निघालं."

मालकाने चष्मा खाली घेतला, पानं चाळली, कणा तपासला, पुस्तक उलटं करून हलवून बघितलं. "बाइंडिंग तर ठीक आहे. पानं कमी आहेत का?"

"पानं बरोबर आहेत. शेवट खराब आहे."

मला वाटलं मालक हसेल. तो हसला नाही. तो गंभीर झाला. "पूर्ण वाचलंत?"

"पूर्ण. दोन वेळा."

"मग कसं परत घेणार? वापरलेला माल झाला ना. अर्ध्यात आणला असता तर काही केलं असतं."

"अर्ध्यात शेवट कसा कळणार?"

"तेच तर," मालक म्हणाला. "म्हणून पुस्तकांवर गॅरंटी नसते." मग जरा विचार करून त्याने कपाटातून दुसरी एक कादंबरी काढली. "ह्यात सगळे शेवटी एकत्र येतात. पण सुरुवात बरी नाही असं लोक म्हणतात."

सेक्रेटरींनी ती हातात घेऊन खरोखर वजन केल्यासारखी तोलली आणि खाली ठेवली. येताना रिक्षा केली. हायवेच्या एका सिग्नलला ते एकदम म्हणाले, "मग आपणच करूया."

आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत सगळ्यात खाली ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ अशी एक ओळ असते. त्या ओळीखाली आजवर पार्किंग, कबुतरं आणि सी विंगच्या गळतीपलीकडे काही आलेलं नव्हतं. त्या वर्षी तिथे आलं, ‘वाचनालयातील कादंबरीच्या शेवटात दुरुस्ती करणेबाबत.’

सभेला गच्च गर्दी. एरवी कोरम भरायला माणसं घरोघर जाऊन आणावी लागतात. ताळेबंद मंजूर झाला, पाण्याच्या टाक्या धुण्याचा विषय कोणी ऐकलासुद्धा नाही. तळमजल्याच्या दोन्ही जावाही आल्या होत्या. थोरल्या पहिल्या रांगेच्या एका टोकाला, धाकट्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दोघींचे नवरे शेजारीशेजारी, मान खाली घालून.

सेक्रेटरी उठले. त्यांनी शेवटचं प्रकरण स्वतः लिहून आणलं होतं आणि त्याची प्रत पुस्तकाच्या मागे चिकटवायला सभेची मंजुरी हवी होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "‘यावर्षीच्या गणेश चतुर्थीस सकाळी ठीक सहा वाजता धाकट्या जाऊबाई मुलाच्या घरून परत आल्या. त्यांचे स्वागत थोरल्या जाऊबाईंनी केले. त्यानंतर मोदक करण्यात आले. मागील सर्व मतभेद दोन्ही बाजूंनी मागे घेण्यात येत असून भिंतीची दुरुस्ती सामायिक निधीतून करण्यात येईल. तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी.’"

टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला एक बाई डोळे पुसत होती. मला मोदक ‘करण्यात आले’ हे ऐकून हसू यायला हवं होतं. पण वाचून संपलं तरी सेक्रेटरी कागदातून मान वर काढत नव्हते, आणि मला हसू आलं नाही.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "माझा विरोध आहे. तो नोंदवून घ्या."

"का पण सिस्टर? चांगलंच तर होतंय."

"मी वॉर्डात तीस-पस्तीस वर्षं काढली. पेशंट गेला म्हणून आम्ही केसपेपरवर ‘बरा होऊन घरी गेला’ असं कधी लिहिलं नाही. कितीही वाटलं तरी. त्या बाईनं जे लिहिलंय ते तिनं लिहिलंय. तुम्हाला दुसरं हवं असेल तर दुसरं पुस्तक लिहा."

गोंगाट झाला. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ जागे होऊन कशाला तरी अनुमोदन देते झाले. कोणीतरी ओरडलं, मतदान घ्या. आणि त्या गोंधळात थोरल्या जाऊबाई उभ्या राहिल्या. सगळं चिडीचूप झालं.

"सेक्रेटरीनु," त्या म्हणाल्या, "पुस्तकातलो शेवट बरोबर आसा. तसाच होता. गेलेला माणूस परत येवचा नाय. मोदक-बिदक काय नाय."

त्या बसल्या. दुसऱ्या टोकाला धाकट्या उभ्या राहिल्या. त्या परळला वाढलेल्या, त्यांची भाषा शहराची.

"सेक्रेटरी, त्यांना सांगा, ती परत येणार. पुस्तकात नाही लिहिलं म्हणून काय झालं? पुस्तक संपलं, ती बाई थोडीच संपली? मुलाकडे किती दिवस राहणार ती? सुनेच्या हातचं खाऊन कंटाळेल."

सेक्रेटरींनी थोरल्यांकडे बघितलं. "त्या म्हणतायत..."

"ऐकलंय मी. तिका सांगा, खोली विकलेली आसा. परत येवन रवतली खय?"

"त्यांना सांगा, भाड्याने घेईल. खालच्या मजल्यावर घेईल."

"तिका सांगा, खालच्या मजल्यावर ढेकूण आसत. सातव्या प्रकरणात लिवलेला आसा. वाचूक नाय काय तिना?"

"त्यांना सांगा, वाचलंय. औषध मारल्याचं पण लिहिलंय, आठव्यात. ते त्यांनीच वाचलेलं दिसत नाही."

सेक्रेटरींची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. सुरुवातीला ते दोन्हीकडचे निरोप प्रामाणिकपणे पुन्हा उच्चारत होते. मग त्यांना वेळच मिळेना. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, दोघी सेक्रेटरींच्या शर्टच्या बटणांशी बोलत होत्या, पण वाक्याला वाक्य लागून जात होतं. जोगेश्वरीच्या त्या दोन कधीच नसलेल्या बायकांची त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. पाणी कोणी आधी भरलं, आजारपणात पेज कोणी दारात ठेवली आणि कोणी ती तशीच परत पाठवली, सासूच्या बांगड्या कोणाला मिळायला हव्या होत्या. त्यातलं काही कादंबरीत होतं. काही नव्हतं. बांगड्यांचं तर नव्हतंच, मी घरी जाऊन शोधलं. मधले दोघे नवरे शाळेत उभं केल्यासारखे ताठ बसले होते, आणि धाकट्या भावाने थोरल्याचा हात कधी धरला ते मला दिसलंच नाही, फक्त धरलेला दिसला.

"तिका सांगा," थोरल्या शेवटी म्हणाल्या, आणि थांबल्या. "तिका सांगा, माका तहान लागली."

धाकट्यांनी आपली पाण्याची बाटली सेक्रेटरींच्या हातात दिली. सेक्रेटरींनी ती पोचवली. थोरल्या प्यायल्या, झाकण लावून बाटली परत दिली. सेक्रेटरींनी तीही पोचवली. मग ते माइकपाशी आले, आपला कागद दोनदा दुमडून खिशात घातला आणि म्हणाले, "विषय तहकूब." मतदान मागणारे खुर्च्या आवरायला लागले.

मला वाटलं होतं, आता बोलू लागतील. अख्ख्या सोसायटीला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरून जाताना सगळे पावलं हळू टाकत होते. धाकट्या दारात उभ्या होत्या. लिफ्टला म्हणाल्या, "गॅसवाला आलाय म्हणावं."

पण दोन दिवसांनी थोरल्या केबिनवर आल्या आणि तीच कादंबरी पुन्हा मागितली. सातवं-आठवं प्रकरण एकदा बघून घ्यायचं होतं. त्या वळल्या नाहीत तोच धाकट्या आल्या. त्यांनाही तीच हवी होती. सिस्टरनी सांगितलं, आत्ताच गेली. "मग त्यांचं होईपर्यंत मी काय करू?" धाकट्यांनी विचारलं, आणि केबिनसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या. संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

सेक्रेटरी पुन्हा घाटकोपरला गेले. मीही गेलो. मालकाने आम्हाला ओळखलं.

"तीच ना, शेवट खराब निघालेली?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले. "अजून एक द्या."

तेव्हापासून आमच्या वाचनालयात प्रत्येक नव्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतात. बाहेरचा कोणी आला की त्याला हे विचित्र वाटतं. एवढीशी केबिन, त्यात शंभरभरही पुस्तकं मावत नाहीत, आणि त्यातली निम्मी तीच ती. पुस्तकं आता सिस्टर निवडतात, मी फक्त होला हो म्हणतो. अलीकडे एका मुलीने आईच्या आजारपणावर लिहिलेलं खरंखुरं पुस्तक आलं, खाडीच्या खेकड्यांवरचं एक आलं, आणि आरे कॉलनीत राहणाऱ्या कुटुंबाची एक कादंबरी आली, तिच्यात तर बिबट्याही बोलतो. दोघी जावा वेगवेगळ्या वेळी येतात. आधी येणारी हवं ते नेते. नंतर येणारी काय नेलं म्हणून विचारते आणि तेच नेते. मग आठवडाभर निरोपांची ने-आण चालते, बहुतेक सेक्रेटरींकरवी. त्यांनाही ती पुस्तकं वाचावीच लागतात, नाहीतर निरोप चुकतात. खेकड्यांचं पुस्तक त्यांना पटलं. खेकडे त्यांनी लहानपणी पाहिलेत.

गेल्या उन्हाळ्यात थोरल्या काजूच्या वेळेला गावी गेल्या, बिबट्याची कादंबरी बरोबर घेऊन. त्या दिवशी सिस्टर दवाखान्यात गेल्या होत्या आणि केबिनवर मी बसलो होतो. धाकट्या आल्या, दुसरी प्रत उचलली.

"त्यांना तिकडे वाचायला वेळ मिळणार नाही," त्या मला म्हणाल्या. "काजू, आंबे, पाहुणे. मी आधी संपवून टाकते."

चार-पाच दिवसांतच त्या पुस्तक घेऊन परत आल्या. मी विचारलं, झालं?

"नाही. शेवटची पानं ठेवलीत."

"मग परत का आणलंत?"

"घरात असलं की वाचावंसं वाटतं ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवा. त्या आल्या की नेईन. आणि काय हो, तुम्ही वाचलंय ना? मला सांगू नका हं."

मी पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. त्या गेल्या नाहीत. कुलूप ओढून बघितलं, मग खुर्चीवर बसल्या आणि ब्लाउजच्या कापडाला टीप घालत विचारायला लागल्या, की नुसतं एवढंच सांगा, तो बिबट्या शेवटपर्यंत बोलतो का.